अण्णांची बाटली आणि उसाची पांढरी मुळी

मध्यंतरी एका रविवारी गावी गेले तर पडवीतल्या टेबलावर एक निळी चकचकीत बाटली, वर सोनेरी अक्षरात 'सिग्नलिंग मॉलिक्यूल टेक्नॉलॉजी'. अण्णांनी चष्मा कपाळावर सरकवला आणि म्हणाले, "तू बॉटनीची न्हवं, मग सांग बघू. ह्ये सिग्नलिंग म्हंजे काय? दुकानदार म्हणला मुळीला सिग्नल जातोय. कुठनं जातोय?"

एक लिटर, साडेचौदाशे रुपये. मागचं बारीक वाचलं तर ह्युमिक, सीवीड, अमिनो. म्हणजे बाकीच्या बाटल्यांत असतं तेच. दुकानाचं नाव घेत नाही, उगाच वाद नको, आणि खरं सांगायचं तर चिडायला मला आवडलं असतं पण अण्णांचा प्रश्न इतका बरोबर होता की बाटली बाजूला राहिली. मुळीला सिग्नल जातो हे खोटं नाहीच. जातो, आणि तिथून वरही येतो. एमएस्सीला असताना कोल्हापुरात हे सगळं परीक्षेपुरतं पाठ केलं होतं, आता ज्युनियर कॉलेजात 'खनिज शोषण' नावाचा धडा दीड तासात उरकते, पण आपल्याच रानात उभं राहून कुणी विचारलं की कळतं किती कच्चं आहे ते.

आमचं रान पलूसच्या बाजूला, नदीपासून फार लांब नाही. काळी जमीन, तीस-पस्तीस वर्षं उसावर ऊस, पाटपाणी, आणि खालच्या अंगाचा दीड एकर आता क्षारपड. उन्हाळ्यात सरीच्या वरंब्यावर पांढरं फुटतं, मीठ शिंपडल्यासारखं. गेल्या वर्षी माती तपासली तर पीएच ८.७ आणि मातीच्या कणांना चिकटलेल्या क्षारांत सोडियमचं प्रमाण १८ टक्के, म्हणजे नुसतं खारवट नाही, चोपणच म्हणायचं, सोडियमनं गच्च झालेली. पाऊस पडला की चिकटपणा इतका की चप्पल तिथंच राहते आणि पाय पुढं येतो. त्या तुकड्यातली जुलैची आडसाली लावण पिवळी पडलीय म्हणून ती बाटली.

मी म्हटलं अण्णा, आधी मुळी बघू. दोघं गेलो, एक बेट खालच्या तुकड्यातलं उपटलं, एक वरच्या चांगल्या रानातलं, आणि मोटारीच्या हौदाजवळ बादलीत हळूहळू धुतलं. घाई केली की बारीक मुळ्या तुटतात, म्हणून पाण्यात नुसतं वरखाली करायचं, माती आपोआप सुटते. वरच्या रानातल्या बेटाला पांढरी मुळी भरपूर, टोकं मेणासारखी, आणि टोकापासून थोडं मागे कापसासारखी लव. खालच्या तुकड्यातल्या मुळ्या तपकिरी, टोकं बोथट, लव जवळजवळ नाहीच, आणि बादलीला सडक्या अंड्याचा बारीक वास. अण्णा वास घेऊन म्हणाले, "वाफसाच न्हाई ह्येला." वाफसा म्हणजे माती ओलसर पण आत हवा खेळती. झालं, अर्धं उत्तर त्यांनीच दिलं.

आता इथून माझं पुराण.

आपण म्हणतो मुळी खत 'ओढती', जसं काय स्ट्रॉने उसाचा रस. पाणी बरंचसं तसं येतं, पण खत तसं येत नाही. पालाशचंच, म्हणजे पोटॅशियमचंच घ्या. मातीतल्या पाण्यात पोटॅशियम असतं त्याच्या शंभरपट किंवा त्याहूनही जास्त मुळीच्या पेशीत आधीच असतं, तरी पेशी अजून आत घेते. उताराला उलटं पाणी चढवायचं म्हणजे मोटर पाहिजे, आणि मुळीला ती असते, खरोखरचा पंप, पेशीच्या पडद्यात बसलेला, तो आतले प्रोटॉन, म्हणजे हायड्रोजनचे धन भाराचे कण, बाहेर फेकतो. त्यामुळं पडद्याच्या आतबाहेर विजेचा फरक तयार होतो, साधारण सव्वाशे ते दोनशे मिलिव्होल्ट, म्हणजे टीव्हीच्या रिमोटमधल्या सेलच्या दहाव्या हिश्श्याच्या आसपास. ऐकायला काहीच नाही, पण तो पडदा सात-आठ नॅनोमीटर जाडीचा, एवढ्याशा जाडीत एवढा दाब म्हणजे खूप झाला. त्या दाबावर पोटॅशियम आत येतं, नायट्रेट, म्हणजे नत्राचं एक रूप, प्रोटॉनला धरून आत येतं, आणि नको असलेलं सोडियम बाहेर फेकायलाही तोच दाब लागतो.

ही मोटर चालते श्वासावर. मुळीला हवेतला ऑक्सिजन मिळाला तर ऊर्जा, ऊर्जा असली तर पंप. सरीत पाणी तुंबलं, माती गच्च झाली, की मुळीची लाईट गेली. अण्णांना हे फटक्यात कळलं, कारण रात्री दोनला लाईट येते आणि चारला जाते हा हिशोब त्यांच्याइतका कुणाला पाठ नसेल. म्हणाले, "म्हंजे वाफसा म्हंजे मुळीची थ्री फेज." मी हे वर्गात वापरणार आहे.

पण हे झालं मोटारीचं. अण्णांचा प्रश्न होता सिग्नलचा. मोटर कधी जोरात, कुठली दारं उघडायची, कुठली लावायची, हे कोण सांगतं?

यात बहुतेक ठिकाणी मधे येतं ते कॅल्शियम. पेशीच्या आत मोकळं कॅल्शियम मुद्दाम अगदी कमी ठेवलेलं असतं, बाहेरच्यापेक्षा ढोबळमानाने दहा हजारपट कमी. म्हणजे धरण तुडुंब आणि नदी कोरडी. बाहेर काही घडलं, मीठ लागलं, गारठा लागला, की दारं उघडतात आणि आत कॅल्शियमचा लोंढा येतो, आणि काही सेकंदांत किंवा मिनिटांत ते परत उपसून टाकलं जातं. सांगलीकराला यापेक्षा सोपं काय सांगू? कोयनेतून सोडलं की इथं आपण आयर्विन पुलाची पातळी बघत बसतो. चाळीस फूट इशारा, पंचेचाळीस धोका. पाणी तेच, पण किती फूट, किती वेगात चढतंय, टिकतंय का उतरतंय, यावरून जनावरं कधी हलवायची, गाळ्यातला माल कधी वर न्यायचा हे ज्याचा तो ठरवतो. पेशीतही तसंच, कॅल्शियम किती चढलं, किती वेळा चढलं हे वाचणारी वेगवेगळी प्रोटीन असतात आणि प्रत्येकाचं पुढचं काम वेगळं.

मिठाच्या बाबतीत ही साखळी कशी जुळली ती गोष्ट मला फार आवडते. नव्वदच्या दशकात अमेरिकेत अ‍ॅरिझोना विद्यापीठात जिआन-कांग झू यांच्या प्रयोगशाळेत अ‍ॅरॅबिडॉप्सिस म्हणून मोहरीच्या कुळातलं एक बारकं तण आहे त्याची हजारो रोपं घेतली, बियांना आधी रसायन लावून जीन्समध्ये बिघाड केलेला. रोपं मिठाच्या जेलीवर ठेवायची आणि प्लेट उलटी करायची. मुळी नेहमी खाली वळते, त्यामुळं धडधाकट रोपाची मुळी हुकासारखी वळून खाली वाढायला लागते, आणि जिला मीठ सोसत नाही ती तिथंच थांबते. नुसत्या डोळ्यांनी दिसतं. अशी थांबलेली रोपं वेचून काढली आणि त्यांचं नाव ठेवलं 'सॉल्ट ओव्हरली सेन्सिटिव्ह', म्हणजे मिठाला अतीच हळवी, थोडक्यात एसओएस. नाव ठेवणाऱ्याला दाद दिली पाहिजे.

त्या रोपांत बिघडलेल्या तीन जीन्समधून साखळी उलगडली. सोडियम आत आलं की कॅल्शियम चढतं, ते कॅल्शियम एसओएस३ नावाचं प्रोटीन पकडतं, ते जाऊन एसओएस२ ला जागं करतं, आणि एसओएस२ पडद्यातल्या एसओएस१ ला फॉस्फेटचा एक तुकडा चिकटवतं. तो तुकडा म्हणजे 'चालू कर'. मग एसओएस१ सोडियम बाहेर फेकायला लागतं, एक प्रोटॉन आत घेऊन त्याच्या बदल्यात. आणि प्रोटॉन बाहेर कुणी साठवून ठेवले होते? त्या मोटारीनं. म्हणजे सिग्नल कितीही वेळेत पोचला, मोटर बंद असेल तर मीठ बाहेर जाणार कसं? क्षारपड आणि वर पाणी तुंबलेलं, ही जोडगोळी वाईट म्हणतात ती यामुळं. २०१९ च्या महापुरात आठ-दहा दिवस पाण्यात राहिलेला ऊस नंतर पाणी उतरल्यावर करपला, तेव्हा आमच्याकडं सगळ्यांनी वरून युरिया मारला. मी पण गप्प बसले होते, मला काय सुचलं नव्हतं.

हा निरोप एका पेशीत राहतही नाही. २०१४ मध्ये सायमन गिलरॉय यांच्या विस्कॉन्सिनमधल्या गटाने मुळीच्या टोकाला मीठ लावून कॅल्शियमची लाट अख्ख्या रोपात धावताना दाखवली, सेकंदाला साधारण चारशे मायक्रोमीटर, म्हणजे मिनिटाला अडीच सेंटीमीटरच्या आत-बाहेर. अण्णा म्हणाले, "एवढंच?" मी म्हटलं नस नाही, मेंदू नाही, वायर नाही अण्णा, त्या मानानं बघा की.

आता जिप्सम. अण्णा खालच्या तुकड्यात दर दोन वर्षांनी जिप्सम टाकतात आणि मी त्याबद्दल इतकी वर्षं एकच सांगत आले की जिप्सममधलं कॅल्शियम मातीच्या कणावरचं सोडियम ढकलून देतं, मग ते पाण्याबरोबर निचऱ्यातून जातं, आणि माती मोकळी होते. हे बरोबरच आहे. पण कॅल्शियमचं दुसरं काम मुळीच्या दारातच चालतं आणि ते मी कधी बोललेच नव्हते. १९६१ मध्ये इमॅन्युएल एपस्टाईन यांनी बार्लीच्या मुळ्यांवर दाखवलं की आजूबाजूच्या पाण्यात कॅल्शियम असेल तरच मुळी पोटॅशियम आणि सोडियम यांत नीट निवड करते, कॅल्शियम नसलं की भेद राहत नाही, सोडियम घुसतं. पुढं १९६९ मध्ये लाहे आणि एपस्टाईन यांनी घेवड्याच्या रोपांना लिटरला तीनेक ग्रॅम मीठ असलेलं पाणी दिलं, कॅल्शियम अगदीच कमी असलेली रोपं आठवड्यात करपली आणि पुरेसं कॅल्शियम असलेली तगली. त्या वेळी एसओएस वगैरे कुणाला माहीत नव्हतं. जीन सापडायच्या तीस वर्षं आधी मुळीनं सांगून टाकलेलं.

हे वाचून मी सांगलीला घरी ओट्यावर प्रयोग मांडला. तीन वाट्यांत मोड आलेले मूग, एकीत साधं पाणी, एकीत लिटरला तीन ग्रॅमच्या हिशोबानं मिठाचं, तिसरीत तेच मिठाचं पण चिमूटभर जिप्सम ढवळून. सहाव्या दिवशी मिठातल्या मुळ्या आखूड, टोकं तपकिरी, अगदी त्या बादलीत बघितलेल्या. जिप्समवाल्या त्याहून लांब आणि पांढऱ्या, म्हणजे निदान मला तरी तसं वाटलं. साध्या पाण्याच्या वाटीला बुरशी आली आणि सासूबाईंनी ती फेकून दिली. तेव्हा शास्त्र म्हणून किंमत शून्य, पण मुळीचं टोक हातात घेऊन बघायला मिळालं.

एक सावधगिरी मात्र, नाहीतर उद्या कुणीतरी मेसेज करेल की ताईंनी जिप्सम टाकायला सांगितलं. जिप्सम चोपण जमिनीला. नुसती खारवट असेल तर आधी निचरा पाहिजे, आणि निचरा नसेल तर चोपणला टाकलेलं जिप्समपण तिथंच बसून राहणार, सुटलेलं सोडियम जाणार कुठं?

तर परत सिग्नलकडं. मीठ बाहेर फेकायचं झालं, पण पाहिजे ते आत घ्यायचं असतं तेव्हा? इथं एक पात्र येतं त्याचं नाव सीआयपीके२३. लक्षात ठेवायची गरज नाही, मी त्याला मुकादम म्हणते. ऊसतोडीचा मुकादम कसा, स्वतः कोयता धरत नाही पण कुठली टोळी कुठल्या फडात हे तोच ठरवतो. जमिनीत पोटॅशियम कमी पडलं की कॅल्शियम चढतं, दोन प्रोटीन ते वाचून मुकादमाला पडद्यापाशी आणतात, आणि तो पोटॅशियमच्या दाराला, म्हणजे एकेटी१ ला, फॉस्फेट चिकटवून उघडतो. हे २००६ मध्ये कळलं. मग २००९ मध्ये कळलं की हाच मुकादम नायट्रेटच्या दारापाशीही असतो. ते दार, एनआरटी१.१, फारच हुशार आहे. नायट्रेट भरपूर असेल तेव्हा ते सैल हातानं भरपूर वाहतूक करतं, आणि नायट्रेट तुटपुंजं झालं की मुकादम त्याच्या एका ठरावीक जागी फॉस्फेट लावतो आणि तेच दार बारीकसारीक नायट्रेटही घट्ट पकडायला लागतं. वर ते दार स्वतःच किती नायट्रेट आलं हे मोजून आत कळवतं. दारपण आणि राखणदारपण.

आणि अमोनियमचं, म्हणजे नत्राच्या दुसऱ्या रूपाचं, उलटं. अमोनियम जास्त झालं तर पेशीला ते घातक, म्हणून मुकादम अमोनियमच्या दारांना फॉस्फेट लावून ती बंद करतो. तोच माणूस, तीच खूण, एका दारात उघड आणि दुसऱ्या दारात बंद. अण्णा इथं थांबले. "म्हंजे युरिया जादा झाला तर मुळीच म्हणती बास?" म्हटलं, युरियाचं मातीत आधी अमोनियमच होतं, तेव्हा हो, साधारण तसंच. ते काही बोलले नाहीत, पण मागच्या महिन्यात पिवळं दिसतंय म्हणून टाकलेली दोन पोती त्यांच्या डोळ्यांपुढं आली असणार.

यातलं बहुतेक अ‍ॅरॅबिडॉप्सिसवर सिद्ध झालेलं आहे, उसावर नाही, हे मी त्यांना बजावून सांगितलं. दारं आणि मुकादम यांची भावंडं भात-मक्यातही सापडलीत, पण रान वेगळं, पीक वेगळं. द्राक्षाचं एक मात्र थेट आपल्या कामाचं आहे. तासगावच्या मामांकडं देठ परीक्षणात सोडियम जास्त येतं, कडा करपतात, आणि बागायतदार म्हणतात खुंट बदला, म्हणजे ज्यावर कलम बांधतात ते खालचं मुळीचं झाड. खुंटाखुंटात हा फरक का पडतो, तर पाणी वर नेणाऱ्या लाकडाच्या नळीत (झायलेममध्ये) चढलेलं सोडियम मुळीतच परत ओढून घेणारं एक दार असतं, एचकेटी१. २०१८ मध्ये ऑस्ट्रेलियातल्या मंडळींनी दाखवलं की द्राक्षाच्या खुंटांत या जीनचे वेगवेगळे नमुने आहेत, काहींचं दार नीट काम करतं, काहींचं ढिलं. वर सोनाका असू दे नाहीतर थॉमसन, मीठ किती चढू द्यायचं हे बरंचसं खालचा खुंट बघतो.

मला स्वतःला सगळ्यात जास्त आवडलेली गोष्ट मी शेवटी सांगितली, तोवर आईनं दुसरा चहा केला होता. नागोया विद्यापीठात मात्सुबायाशी यांच्या गटानं एका रोपाच्या मुळ्या दोन भागांत वाटल्या, एका बाजूला नायट्रेट, दुसऱ्या बाजूला नाही. उपाशी बाजूच्या मुळीनं पंधरा अमिनो आम्लांचं एक इवलंसं पेप्टाइड, सीईपी, तयार केलं आणि ते लाकडाच्या नळीतून पानांपर्यंत वर पाठवलं. पानात ते ओळखणारं प्रोटीन बसलेलंच असतं. पानानं मग दुसरा निरोप खाली सोडला, आणि तो निरोप घेऊन भरल्या बाजूच्या मुळीनं नायट्रेटची दारं वाढवली. म्हणजे उपाशी बाजूची कमी भरल्या बाजूनं भरून काढली. पहिला अर्धा भाग २०१४ चा, परतीच्या निरोपाचा २०१७ चा.

हे ऐकून अण्णा हसायला लागले. "आपला जिल्हाच की गं हा." खरंय. इकडं आम्ही पलूस-वाळव्यात पाण्यानं सडतोय, तिकडं जत-आटपाडीला टँकर. आत्या आटपाडीला दिलेली, तिच्या लग्नात पाण्याचा टँकर इथनं नेला होता म्हणे. टेंभू, ताकारी, म्हैसाळ या पाणी उपसून नेणाऱ्या योजना व्हायला किती वर्षं गेली, किती मोर्चे, किती निवडणुका. उपाशी मुळीचा निरोप वर पोचून खाली उतरायला झाडाला एवढा वेळ लागत नाही.

बाटलीचं काय मग? पूर्ण फसवणूक आहे असं मी म्हणाले नाही. ब्राझीलमध्ये २००२ मध्ये मक्याच्या मुळीवर दिसलं की गांडूळखतातल्या ह्युमिकमुळं तो प्रोटॉनचा पंप वाढतो आणि बारीक मुळ्या जास्त फुटतात. पण अण्णा, गांडूळखताचा बेड आपल्याच गोठ्यामागं आहे, आणि ज्या मुळीची लाईटच गेलीय तिथं दुसरी मोटर बसवून काय होणार? दुकानदार बाटली परत घेत नाही म्हणाला, फोडली नव्हती तरी. वरच्या चांगल्या रानात वापरू म्हणालेत. वापरू देत.

खालच्या तुकड्यात मात्र परवा जेसीबी आणला. शेजारच्या चुलत्यांशी दोन वर्षं बोलणं नव्हतं बांधावरून, पण चर त्यांच्या हद्दीतून नेल्याशिवाय पाणी ओढ्याला जाणार नाही, तर अण्णा स्वतः जाऊन बोलले, मला हे आईकडून कळलं. चर खणला त्या रात्रीच पाणी झिरपून वाहायला लागलं, चहासारखं तांबूस. अण्णांनी बोट बुडवून चाखलं म्हणे. "मचूळ हाय, जाऊ दे."

काल रात्री अकराला त्यांचा फोन. एरवी या वेळेला फोन म्हणजे पोटात गोळा येतो.

"झोपली न्हाईस न्हवं? लाईट आलीया."

"मग?"

"मोटर चालू केली न्हाई. आज तिसरा दिवस. माती अजून मुठीत चिकटतीय."